घरच्या घरी मॅन्युअल गिअरबॉक्स कसा बदलायचा, उतरवण्यापासून टेस्ट ड्राइव्हपर्यंत

मॅन्युअल गिअरबॉक्स घरी बदलता येतो, अगदी व्यवस्थित येतो, आणि खरं सांगायचं तर इंजिन उघडण्यापेक्षा हे काम डोक्याला कमी आहे. इथे गिअरबॉक्स आतून उघडायचाच नाहीये, जुना आख्खा खाली घ्यायचा आणि दुसरा आख्खा वर चढवायचा. अवघड काय, तर वस्तू जड आहे, जागा कमी आहे आणि चढवताना इंजिन आणि बॉक्सची रेषा तंतोतंत जुळावी लागते. छोट्या गाडीचा पाच गिअरचा बॉक्ससुद्धा ३० ते ४० किलोच्या आसपास भरतो, मोठ्या गाड्यांचे बरेच जड असतात, एवढं वजन छातीवर घेऊन भोकं जुळवत बसणं हा शुद्ध धोका आहे. म्हणून पुढे जे लिहिलंय त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, जोर लावून काही बसवायचं नाही, बसत नसेल तर का बसत नाही ते शोधायचं.

पण पाने हातात घ्यायच्या आधी गिअरबॉक्सच गेलाय याची खात्री करा. कारण "गिअर पडत नाही" या एका तक्रारीमागे बऱ्याचदा क्लच असतो किंवा गिअर लिव्हरची केबल आणि तिचे झिजलेले बुश असतात, आणि बॉक्स बिचारा ठणठणीत असतो. गाडी बंद असताना सगळे गिअर लोण्यासारखे पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. अजून एक साधी टेस्ट, इंजिन आयडलला ठेवा, क्लच पूर्ण दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, खर्रर्र आवाज आला तर परत क्लचकडेच बघायचं, हायड्रॉलिक क्लचमध्ये हवा शिरली असेल, सिलिंडर लीक असेल किंवा केबल ढिली असेल. आवाजाचं पण असंच आहे. न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते आणि पेडल दाबलं की थांबते, तर बॉक्सच्या इनपुट शाफ्टचं (क्लचमधून बॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलंय. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होतो तर रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की क्लच सोडवणारं) गेलंय, त्यासाठी बॉक्स खाली काढावा लागतो पण बदलावा लागत नाही. एकाच गिअरला, समजा दुसऱ्याला, घासून आवाज येतो तर त्या गिअरचा सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी रिंग) झिजलाय. चालत्या गाडीत गिअर आपोआप उडून न्यूट्रल होतोय तर आत दात किंवा फोर्क (गिअर सरकवणारा काटा) झिजलाय, पण त्यातही आधी इंजिनची माउंटिंग बघा, ती फाटलेली असतील तर इंजिन हलतं आणि गिअर ओढून काढतं.

एवढं करूनही शंका असेल तर गिअर ऑइल काढून बघा. ड्रेन प्लगच्या मॅग्नेटवर करड्या रंगाची बारीक पेस्ट असणं नॉर्मल आहे. चकाकणारे तुकडे, दाताचा टवका, पिवळ्या धातूचा भरपूर चुरा असं काही निघालं तर मग बॉक्स बदलायचा विचार पक्का करा.

दुसरा गिअरबॉक्स घेताना मॉडेलचं नाव आणि वर्ष एवढ्यावर जाऊ नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिनप्रमाणे, वर्षाप्रमाणे वेगळे बॉक्स बसवलेले असतात. बॉक्सच्या अंगावर कोड कोरलेला असतो किंवा छोट्या पट्टीवर असतो, तो तुमच्या जुन्या बॉक्सशी जुळवा. बाहेरून सेम दिसणाऱ्या दोन बॉक्सचा फायनल ड्राइव्ह रेशो (चाकांना वेग देणाऱ्या शेवटच्या गिअरचं प्रमाण) वेगळा असू शकतो, तसं झालं तर गाडी चालेल पण पिकअप आणि टॉप गिअरचा आरपीएम बदलेल आणि जिथे स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो तिथे स्पीड चुकीचा दाखवेल. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइन (शाफ्टवरचे लांबट दात) मोजा, ड्राइव्ह शाफ्टची (चाकं फिरवणाऱ्या दांड्यांची) भोकं बघा, रिव्हर्स लाइटचा स्विच आणि स्पीड सेन्सर त्याच जागी आहे का बघा. वापरलेला बॉक्स असेल तर इनपुट शाफ्ट हाताने फिरवा, सगळे गिअर एकेक टाकून बघा, प्रत्येक गिअरमध्ये गुळगुळीत फिरला पाहिजे, कुठे अडकायला किंवा खरखरायला नको. शाफ्ट वर-खाली हलवून बघा. थोडासा खेळ बऱ्याच बॉक्समध्ये असतो, पण टकटक आवाज येण्याइतका असेल तर तो बॉक्स राहू द्या. बेल हाउसिंगचे (इंजिनला जोडलं जाणारं बॉक्सचं रुंद तोंड) कान म्हणजे जिथे बोल्ट बसतात ते कोपरे नीट बघा, तिथे तडा असलेला बॉक्स कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.

बॉक्स खाली आला की क्लचचं सगळं काम उघडं पडतं, आणि ते तेव्हाच करून टाका हे माझं स्पष्ट मत आहे. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग असा सेट बदला. काही गाड्यांत क्लचचा सिलिंडर बेल हाउसिंगच्या आतच रिलीज बेअरिंगसोबत असतो, तो पण नवीन घाला, कारण तो पुढे लीक झाला तर हेच सगळं काम परत करायचं आहे. इंजिनच्या क्रँकचं (मुख्य शाफ्टचं) मागचं ऑइल सील तिथेच दिसतं, ओलं असेल तर बदला. नवीन बॉक्सला दोन्ही ड्राइव्ह शाफ्टची ऑइल सील नवीन, इनपुट शाफ्टचं सील बाहेरून बदलता येत असेल तर तेही, ड्रेन प्लगचे वायसर, ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाच्या सर्कलिप (शाफ्टला जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा), हबचे (चाक ज्यावर बसतं त्या भागाचे) मोठे नट, हे सगळं आधीच आणून ठेवा. गाडी उघडी पडलेली असताना एका सर्कलिपसाठी काम अडणं फार वैताग देतं.

हत्यारांत चांगली सॉकेट पेटी, लांब एक्स्टेन्शन, लांब दांड्याचा पाना, टॉर्क रेंच, हबच्या नटाचं मोठं सॉकेट (बहुतेक ३० ते ३६ एमएममध्ये येतं), बॉल जॉइंट काढायचा पुलर, एक पहार, सर्कलिपची पक्कड, क्लच अलाइनमेंट टूल (क्लच प्लेट मधोमध बसवायचं), ब्रेक क्लीनर, गंज सोडवायचा स्प्रे आणि गॉगल. गॉगल घाला, खाली झोपून वर बघत काम करताना गंज आणि माती थेट डोळ्यातच पडते. दोन जॅक हवेत, एक इंजिनला आणि एक गिअरबॉक्सला. गिअरबॉक्सचा खास जॅक भाड्याने मिळत असेल तर घ्या, त्यावर बॉक्स बांधता येतो आणि कोन बदलता येतो. साध्या ट्रॉली जॅकवर पण काम होतं, फक्त वर लाकडी फळी ठेवून बॉक्स पट्ट्याने बांधा. आणि एक माणूस मदतीला हवाच, बॉक्स उतरवताना आणि चढवताना तरी.

जागा सपाट आणि पक्की पाहिजे. उतारावर, मातीवर, नरम डांबरावर हे काम करूच नका. गाडी उचलायच्या आधी चाकं जमिनीवर असतानाच हबचे मोठे नट आणि चाकाचे नट अर्धवट ढिले करा, मदतनीसाला ब्रेक दाबायला सांगा, कारण हबचा नट १५० ते ३०० न्यूटन-मीटरपर्यंत आवळलेला असतो आणि स्टँडवर चढलेल्या गाडीला तेवढा झटका द्यायचा नसतो. मग मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावा, गाडी उचला आणि चेसिसच्या सांगितलेल्या जागीच स्टँड लावा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीच जायचं नाही, एका मिनिटासाठी पण नाही, आणि सिमेंटचे पोकळ ब्लॉक किंवा विटा स्टँड म्हणून वापरायच्या नाहीत, त्या अचानक फुटतात. उंची किती पाहिजे? जॅकवर ठेवलेला गिअरबॉक्स बंपरखालून बाहेर सरकला पाहिजे एवढी, आधी मोजा, कारण बॉक्स खाली आल्यावर बाहेरच निघत नाही असं झालं तर तो गाडीखालीच पडून राहील. स्टँडवर ठेवल्यावर गाडीला दोन्ही हातांनी जोरात हलवून बघा, हलली-सरकली तर परत उतरवून नीट लावा.

आता वरचं काम. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा, स्टार्टरला जाणारी जाड वायर सरळ बॅटरीवरून येते, तिला पाना टेकला तर भडका उडेल. मग बॅटरी, बॅटरीचा ट्रे, एअर फिल्टरचा डबा, पाइप असं सगळं काढून जागा मोकळी करा. प्रत्येक गोष्ट काढायच्या आधी फोनवर फोटो काढा, लांबून एक आणि जवळून एक, आणि कनेक्टरला टेप लावून त्यावर लिहा. गिअरच्या केबल बहुतेक दोन असतात, त्यांची टोकं प्लास्टिकची असतात, जुनी झाली की ठिसूळ होतात, पान्याने एकाच बाजूने उचकटू नका, दोन्ही बाजूंनी सारखं उचला. हायड्रॉलिक क्लच असेल आणि सिलिंडर बाहेरच्या बाजूला असेल तर पाइप उघडायची गरजच नाही, दोन बोल्ट काढून सिलिंडर तसाच तारेने बाजूला बांधा. त्यानंतर बॉक्स परत बसेपर्यंत क्लच पेडलला कुणी पाय लावायचा नाही, दाबलं की पिस्टन बाहेर उडतो, पेडलला एक चिठ्ठीच चिकटवून ठेवा. रिव्हर्स स्विच, स्पीड सेन्सर, अर्थची वायर, बेल हाउसिंगवर क्रँक सेन्सर असेल तर तो, आणि स्टार्टर मोटर, हे सगळं सोडवा.

ऑइल काढताना क्रम लक्षात ठेवा, आधी भरायचा प्लग उघडा आणि मग ड्रेन प्लग. भरायचा प्लग गंजून बसलेला असेल आणि तुम्ही आधी सगळं ऑइल काढून टाकलं तर गाडी चालवायच्या लायकीची राहत नाही. हीच सवय नवीन बॉक्सला पण लावा, जमिनीवर असतानाच त्याचा भरायचा प्लग एकदा उघडून बघा.

पुढची चाकं चालणारी गाडी असेल तर आता ड्राइव्ह शाफ्ट. खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवा, हब बाहेर ओढा आणि शाफ्टचं टोक हबमधून आत ढकला. अडकलं तर थेट हातोडी मारू नका, आटे बसतील, जुना नट टोकाला सपाट होईल इतका फिरवून लावा आणि त्यावर लाकडाचा तुकडा धरून मारा. आतल्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, पहारीने जॉइंटच्या बुडाशी हलका झटका द्या, सर्कलिप सुटली की तो बाहेर येतो. पहार टेकवताना बॉक्सच्या ॲल्युमिनियमला आणि सीलच्या कडेला जपा. आणि शाफ्टला धरून ओढायचं नाही बरं का, ओढलं तर आतला जॉइंट बूटच्या आतच सुटतो, रोलर निसटतात आणि एक नवीन काम वाढतं. काढलेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा किंवा पूर्ण बाहेर काढून ठेवा. काही गाड्यांत दोन्ही शाफ्ट एकदम काढले तर डिफरन्शियलच्या (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाच्या) आतले गिअर जागेवरून फिरतात आणि मग शाफ्ट आत जात नाही, त्यासाठी भोकात योग्य मापाचा प्लास्टिकचा डमी किंवा जुन्या जॉइंटचं टोक घालून ठेवतात, तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं असतं, बघून घ्या. अजून एक, हबमधून शाफ्ट काढलेला असताना गाडी चाकांवर उभी करून ढकलू नका, हबचं बेअरिंग त्या नटाच्या दाबावर टिकून असतं, नट नसताना वजन पडलं की ते खराब होतं.

मागची चाकं चालणारी गाडी असेल तर शाफ्टची ही कटकट नाही, त्याऐवजी प्रॉपेलर शाफ्ट (बॉक्सकडून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा) काढायचा. काढण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाने आडवी खूण करा आणि परत त्याच खुणेवर जोडा, बॅलन्स तसाच राहतो. गिअर लिव्हर आतून केबिनमधून काढा, सायलेन्सरचा पुढचा पाइप आडवा येत असेल तर तो पण. अशा गाडीत बॉक्स लांब असतो, मागच्या टोकाला क्रॉसमेंबर असतो, आणि वरचे बेल हाउसिंग बोल्ट मागून दोन-तीन एक्स्टेन्शन जोडूनच काढावे लागतात. बाकी पुढचं सगळं दोन्ही प्रकारांना सारखंच आहे.

गिअरबॉक्स काढला की इंजिनचा एक आधार जातो हे विसरू नका. वरून आडवा बार टाकून इंजिन साखळीने टांगणं सगळ्यात चांगलं, कारण खाली जागा मोकळी राहते. तो नसेल तर ऑइल पॅनखाली जॅक लावा पण मधे मोठी जाड फळी ठेवा, नाहीतर पॅनला पोचा पडतो आणि आतल्या ऑइलच्या जाळीला लागतो. मग बॉक्सखाली दुसरा जॅक लावून वजन हलकं पेला, पट्टा बांधा आणि मगच बॉक्सची माउंटिंग सोडा. इंजिन थोडं तिरकं खाली येऊ द्यावं लागतं, तेव्हा रेडिएटरचे पाइप, वायरिंग आणि सायलेन्सरचा जोड ताणला जात नाही ना याकडे सतत लक्ष ठेवा.

बेल हाउसिंगचे बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. एक पुठ्ठा घ्या, त्यावर बेल हाउसिंगचा गोल काढा आणि प्रत्येक बोल्ट ज्या जागेवरून काढला त्याच जागी पुठ्ठ्यात खोचा. छोट्या भोकात लांब बोल्ट गेला की तो आत टेकतो, तुम्हाला वाटतं आवळला गेला पण जोड ढिलाच असतो, किंवा समोरच्या कशाला तरी भोक पाडतो. समोरासमोरचे दोन बोल्ट शेवटपर्यंत ठेवा, जॅकची उंची नीट केली की मग ते काढा. आता बॉक्स सरळ मागे ओढा, इनपुट शाफ्ट क्लचमधून पूर्ण बाहेर येईपर्यंत अगदी सरळ. अर्धवट बाहेर आलेला असताना बॉक्सचं वजन त्या शाफ्टवर लोंबकळलं तर क्लच प्लेटचा मधला भाग वाकतो. निघत नसेल तर एखादा बोल्ट राहिलाय, बहुतेक वेळा स्टार्टरच्या मागे किंवा खालच्या पत्र्यापाशी लपलेला असतो. शाफ्ट मोकळा झाला की हळूहळू खाली.

क्लच काढताना प्रेशर प्लेटचे बोल्ट एकेक करून पूर्ण काढू नका, समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत जा, आत स्प्रिंगचा दाब असतो आणि प्लेट वाकते. तिथली काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवायची नाही, जुन्या क्लच प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाणं फार वाईट, ब्रेक क्लीनरने ओलं करून कापडाने पुसा आणि मास्क लावा. फ्लायव्हील (क्लच ज्यावर बसतो ती इंजिनची जड चकती) नीट बघा. निळे डाग आणि केसासारख्या बारीक चिरा असतील तर लेथवर घासून घ्या किंवा बदला. ड्युअल मास (दोन भागांचं) फ्लायव्हील असेल तर ते घासायचं नसतं, त्याचा खेळ मॅन्युअलमधल्या मर्यादेत आहे का बघा, नसेल तर नवीनच.

नवीन क्लच प्लेट उलटी बसू शकते आणि उलटी बसली की गाडी गिअरमध्ये जात नाही किंवा क्लच सुटत नाही, म्हणून प्लेटवर फ्लायव्हीलची बाजू कोणती ते लिहिलेलं असतं ते वाचा. बहुतेक प्लेटमध्ये स्प्रिंगचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे येतो. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचा चेहरा ब्रेक क्लीनरने पुसा, नवीन प्रेशर प्लेटला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो तो पण काढा, आणि प्लेटच्या लायनिंगला तेलकट बोटं लावू नका. अलाइनमेंट टूल मधोमध घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोर थोडे थोडे आवळा. एम ८ बोल्ट असतील तर साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर असतं, पण तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या. सगळे आवळून झाल्यावर टूल बाहेर काढा आणि परत घाला, अजिबात न अडकता आत गेलं पाहिजे. इथे दोन मिनिटं जास्त द्या, पुढचा अर्धा दिवस वाचतो.

नवीन बॉक्स चढवायच्या आधी जुन्याशी शेजारी ठेवून एकेक भोक, एकेक ब्रॅकेट बघून घ्या, जुन्याचे स्विच, माउंटिंगचे ब्रॅकेट, लागेल ते इकडे काढून लावा. शाफ्टची सील नवीन ठोकताना सीलच्या बाहेरच्या कडेच्या मापाचं सॉकेट घ्या, सगळीकडून सारखं आत जाईल असं हलक्या हाताने ठोका आणि ओठाला (सीलच्या आतल्या रबरी कडेला) ऑइल लावा. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनला उष्णता सहन करणारं ग्रीस अगदी नखभर, लावून पुसून टाकायचं, नुसती चकाकी राहिली पाहिजे. जास्तीचं ग्रीस फिरताना उडतं आणि थेट लायनिंगवर जातं आणि नवीन क्लच थरथरायला लागतो. रिलीज फोर्क जिथे टेकतो तिथे थोडं ग्रीस, बेअरिंगचा गाइड प्लास्टिकचा असेल तर तिथे लावायचं की नाही ते मॅन्युअल सांगेल तसं. इंजिनला दोन पोकळ पिना असतात ज्यावर बॉक्स बसतो, त्या जागेवर आहेत का, गंजल्या नाहीत ना बघा, काही वेळा एखादी पिन जुन्या बॉक्समध्येच अडकून निघून गेलेली असते. या पिनांशिवाय बॉक्स बसवला तर दोन शाफ्टची रेषा जुळत नाही आणि इनपुट बेअरिंग लवकर जातं. इंजिन आणि बॉक्सच्या मधला पातळ पत्रा पण आत्ताच लावा, बॉक्स चढल्यावर आठवला तर परत उतरवावा लागतो.

आता खरं काम. दोन लांब बोल्ट घ्या, बेल हाउसिंगच्याच आट्याचे, त्यांची डोकी हॅक्सॉने कापा आणि कापलेल्या टोकाला ब्लेडने एक खाच पाडा म्हणजे नंतर स्क्रूड्रायव्हरने निघतील. हे दोन दांडे इंजिनच्या वरच्या दोन भोकांत हाताने फिरवून लावा. ज्या गाडीत बोल्ट इंजिनकडून बॉक्समध्ये जातात तिथे हेच दांडे बॉक्सला लावायचे. आता बॉक्स त्यांच्यावर सरकतो, वजन दांड्यांवर आणि जॅकवर राहतं आणि बॉक्स आपोआप सरळ येतो. एवढ्या एका गोष्टीने चढवण्याचं काम निम्मं सोपं होतं, आणि हे सगळ्यांनी करावं असं मला मनापासून वाटतं.

बॉक्स वरच्या गिअरमध्ये टाकून ठेवा, म्हणजे इनपुट शाफ्ट मोकळा फिरणार नाही. बॉक्स पुढे सरकवत न्या, इनपुट शाफ्ट क्लचच्या बोटांमधून (प्रेशर प्लेटच्या मधल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांमधून) आत जाईल आणि मग एका ठिकाणी येऊन टेकेल, तेव्हा इंजिन आणि बॉक्समध्ये अजून दोन-तीन बोटांची फट असते. हे स्प्लाइन एकमेकांवर टेकलेत. आता मदतनीसाला क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने अगदी सावकाश फिरवायला सांगा आणि तुम्ही बॉक्सला दोन्ही हातांनी हलका दाब देऊन ठेवा. दात दातात आला की बॉक्स एकदम मऊपणे पुढे सरकतो, हाताला लगेच कळतं. मागच्या चाकांच्या गाडीत बॉक्सच्या मागचा फ्लँज हाताने फिरवला तरी हेच होतं.

सरकून परत थांबला तर फट बघा. चारही बाजूंनी सारखी आहे का, स्टीलची पट्टी घालून वर आणि खाली मोजा. वर फट जास्त आणि खाली कमी असेल तर बॉक्सचं लांबचं टोक खाली लोंबतंय, ते थोडं उचला. खाली जास्त असेल तर ते टोक वर गेलंय, उतरवा. एखाद्या बाजूला जास्त असेल तर जॅक बाजूला सरकवा. इंजिनचा कोन सुद्धा बदलून बघा, बऱ्याचदा इंजिनच जास्त तिरकं झालेलं असतं. फट सारखी झाली की थोडं डोलवत डोलवत बॉक्स हातानेच पिनांवर जाऊन बसतो आणि तोंडाला तोंड लागतं. हे होईपर्यंत बोल्टने ओढून घ्यायचा मोह होतो, बॉक्स एक सेंटिमीटरवर अडलेला असतो, हात दुखत असतात आणि बोल्ट समोर दिसत असतो. तो आवळायचा नाही. बोल्टची ताकद एवढी असते की बेल हाउसिंगचा कान तुटतो किंवा क्लच प्लेटचा मधला भाग चिरडतो, आणि दोन्ही गोष्टी तिथल्या तिथे दिसत नाहीत. सगळे प्रयत्न करूनही बसत नसेल तर बॉक्स पूर्ण मागे घ्या आणि क्लच अलाइनमेंट परत तपासा.

तोंड लागलं की दोन बोल्ट हाताने लावा, दांडे काढून त्या जागी बोल्ट घाला आणि सगळे हातानेच पूर्ण फिरवून घ्या, मग समोरासमोर आवळा. एम १० ला साधारण ४० ते ५० आणि एम १२ ला ६० ते ८० न्यूटन-मीटर या घरात असतं, ॲल्युमिनियमचे आटे असतात म्हणून मॅन्युअलच्या आकड्यापुढे जाऊ नका. माउंटिंग लागेपर्यंत जॅक काढायचा नाही. बाकी उलट्या क्रमाने. ड्राइव्ह शाफ्ट नवीन सर्कलिप लावून आत घाला, शेवटी टक असा आवाज येतो, जॉइंटच्या बुडाशी धरून हलकं ओढून बघा, बाहेर यायला नको. सीलच्या ओठाला शाफ्टच्या स्प्लाइन घासू देऊ नका. हबचे नट नवीनच लावा आणि शेवटचं आवळणं चाकं जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने, मग नटाची कड खाचेत ठोकून बसवा किंवा स्प्लिट पिन असेल तर ती.

गिअर ऑइल इंजिन चालू करायच्या आधी भरायचं. उघड आहे, पण दमलेल्या माणसाकडून हेच राहतं, म्हणून स्टिअरिंगवर टेप लावून लिहून ठेवा. ऑइल कोणतं ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच, यात स्वतःचं डोकं चालवू नका. जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) सांगितलं असताना जीएल-५ भारी आहे म्हणून ते टाकणं चूक आहे, त्यातली जास्तीची केमिकल काही बॉक्समधल्या पितळी सिंक्रोला सोसत नाहीत आणि सिंक्रोला पकड मिळत नाही म्हणून गिअर घासतात. काही बॉक्सला ७५डब्ल्यू-८० लागतं, काहींना ७५डब्ल्यू-९०, काहींना चक्क ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल, म्हणजे एटीएफ लागतं. छोट्या गाडीत साधारण दीड ते अडीच लिटर बसतं. बऱ्याच बॉक्समध्ये गाडी लेव्हलमध्ये ठेवून भरायच्या भोकातून ऑइल परत बाहेर यायला लागेपर्यंत भरतात. पुढून उचललेल्या गाडीत लेव्हल चुकते, म्हणून मागूनही उचलून सपाट करा.

हायड्रॉलिकचा पाइप उघडला असेल तर हवा काढा, केबल असेल तर पेडलचा खेळ ॲडजस्ट करा. बॅटरी जोडा, गाडी स्टँडवरच, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून इंजिन चालू करा आणि नुसतं ऐका. मग क्लच दाबून ऐका. मग आयडललाच एकेक गिअर टाका, चाकांजवळ कुणी उभं राहायचं नाही, रेस द्यायची नाही, रिव्हर्स शेवटी. रिव्हर्सचा लाइट लागतोय का, स्पीडोमीटर हलतोय का तेही बघा. सगळं ठीक वाटलं की खाली वाकून सील आणि जोड बघा, मग गाडी उतरवा, चाकाचे नट आवळा आणि मोकळ्या रस्त्यावर हळू एक चक्कर मारा. क्लच नीट पकडतोय का, थरथरतोय का, कुठल्या गिअरला आवाज आहे का. परत आल्यावर खाली पुठ्ठा टाकून गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी पुठ्ठ्यावर थेंब दिसला तर तो कुठून पडला ते तिथेच सापडतं.

नवीन क्लचला ३०० ते ५०० किलोमीटर हळू वापरा, चढावर क्लचवर गाडी धरणं, जोरात उचलणं, जड ओझं ओढणं या काळात नको. तेवढं चालल्यावर बॉक्सच्या माउंटिंगचे बोल्ट आणि ऑइलची लेव्हल एकदा परत तपासा. वापरलेला बॉक्स बसवला असेल तर हजारेक किलोमीटरनंतर ऑइल बदलून टाका, आधी त्याच्या आत काय साचलं होतं ते त्यासोबत निघून जातं. जुनं ऑइल गटारात किंवा मातीत ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या. आणि जुना बॉक्स लगेच भंगारात घालू नका, त्यातले स्विच, ब्रॅकेट आणि चांगले बोल्ट पुढे कधीतरी लागतात.